एकाच जिनिंगवर रेंगाळणारा ताळा : ‘डेसिमल’ मोड्यूलचं प्रकरण

धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतं. तेच सॉफ्टवेअर, त्याच आवृत्तीत, चोपडा, जामनेर आणि शहाद्याकडच्या जिनिंगांवरही आहे. तिथे रात्रीचा ताळा, म्हणजे सगळ्या उघड्या खात्यांची फेरमोजणी, मुनीमजींचं जेवण होईस्तोवर तयार असतो. धरणगावला मात्र २०२४-२५ च्या हंगामात दिवाळीनंतर आवक वाढली तसा ताळा लांबत गेला. पुढे पुढे तर रात्री लावलेलं काम सकाळी पहिली गाडी काट्यावर चढली तरी सुरूच. मुनीमजींचा फोन आला तो असा : “भो, तुमचं मशिन आजची गाडी आली तरी कालचंच मोजून राहिलं.”

हिशेब काय आहे ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शेतकरी कापूस आणून टाकतो. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलाव्याची घट, हमाली, तोलाई असं सगळं काटापट्टीवर येतं. बरेच जण भाव त्याच दिवशी ठरवत नाहीत. कापूस जमा ठेवतात आणि मध्ये लागेल तशी शेठकडून उचल नेतात. त्यामुळे प्रत्येक खात्यावर जमा माल, उचल आणि उचलीवरचं व्याज असं तिहेरी काम चालतं, आणि रात्री प्रत्येक उघडं खातं पहिल्या पट्टीपासून पुन्हा मोजलं जातं. हंगाम जसा पुढे सरकतो तशा पट्ट्या वाढतात, म्हणजे ताळ्याला लागणारा वेळ थोडा वाढणारच. पण तो चारही ठिकाणी सारखाच वाढायला हवा.

पैशाच्या या सगळ्या आकडेमोडीसाठी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतला, दशांश अंक जसेच्या तसे ठेवणारा ‘डेसिमल’ प्रकार वापरला आहे, साधा ‘फ्लोट’ नाही. कारण सोपं आहे. फ्लोट अपूर्णांक दोनच्या घातांत साठवतो, त्यामुळे २.६७५ ही संख्या त्याच्याकडे २.६७५ पेक्षा किंचित कमी म्हणून बसते. ती दोन स्थळांपर्यंत ‘राउंड’ करा, पायथॉन २.६७ देतो. मुनीमजी हाताने २.६८ लिहितात, आणि डेसिमलला अर्ध्याला वर ढकलायचा नियम दिला की तोही २.६८ च देतो. मध्यम धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ७१२१ रुपये क्विंटल होता; १४ क्विंटल ३५ किलोचे १,०२,१८६ रुपये ३५ पैसे. एवढ्या रकमेत एक पैसा कोण बघतो, असं वाटेल. पण महिन्याची बेरीज वहीशी जुळली नाही की मुनीमजी अख्खा प्रोग्रॅमच खोटा धरतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

नेहमीचे संशयित लवकर सुटले. हार्डडिस्क जुनी होती, पण ताळा चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्क जवळजवळ निवांत आणि प्रोसेसरचा एक गाभा (कोर) पूर्ण भरलेला. नेटवर्कचा प्रश्नच नाही, डेटाबेस त्याच मशिनवर. विंडोज ७ आहे, रॅम कमी आहे, हे खरं. पण जामनेरलाही तसंच मशिन आहे आणि तिथे ताळा वेळेवर होतो. थोडक्यात मशिन खरोखरच काहीतरी मोजत होतं, आणि जामनेरच्या मशिनपेक्षा कितीतरी जास्त मोजत होतं.

मग एनीडेस्क या दूरच्या मशिनवर काम करू देणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या मशिनवर ‘सीप्रोफाइल’ लावला. हा प्रोफायलर पायथॉनसोबतच येतो आणि कोणत्या फंक्शनला किती वेळा बोलावलं, किती वेळ गेला याची यादी देतो. तीच माहिती घेऊन ऑफिसातही तीच यादी काढली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. ऑफिसच्या यादीत वर आमचीच फंक्शनं होती : खातं उघडणं, पट्ट्या वाचणं, तारीख लावणं. डेसिमलचा उल्लेख जेमतेम एका ओळीत, महिरपी कंसात, आकडा ठरावीक स्थळांपर्यंत आणणारी ‘क्वांटाइज’ ही अंगभूत पद्धत म्हणून. गुणाकार-बेरजांची तर ओळच नव्हती. धरणगावच्या यादीत मात्र वरची पानभर जागा ‘_पायडेसिमल’ नावाच्या फाइलीने व्यापलेली : गुणाकार, बेरीज, नवा आकडा बनवणं, ‘_फिक्स’, ‘_रिस्केल’, ‘_राउंड_हाफ_अप’. आमच्या प्रोग्रॅममध्ये या नावाची फाइल कुठेही नाही. ती पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीतली, म्हणजे पायथॉनसोबतच येणाऱ्या कोडमधली आहे.

प्रकरण इथेच उघडलं, म्हणून जरा मागे जायला हवं.

डेसिमल मोड्यूल पायथॉनमध्ये २००४ साली, २.४ या आवृत्तीत आलं. तेव्हा ते पूर्ण पायथॉनमध्ये लिहिलेलं होतं. अचूक होतं, पण संथ होतं. २०१२ च्या ३.३ आवृत्तीत स्टेफान क्राह यांनी सी भाषेत लिहिलेलं रूप आलं. त्यामागे ‘लिबएमपीडेक’ नावाची लायब्ररी आहे. त्या आवृत्तीसोबतच्या अधिकृत टिपणात वेगातली वाढ डेटाबेसच्या कामांसाठी १० पट ते निव्वळ आकडेमोडीसाठी १०० पट अशी दिली होती. हा फरक कुठून येतो ते पायथॉनवाली जुनी फाइल उघडली की दिसतं. तिथे प्रत्येक दशांश संख्येचे अंक अक्षरांची माळ म्हणून ठेवलेले असतात. दोन संख्या गुणायच्या तर दोन्ही माळा आधी पूर्णांकात बदलायच्या, गुणायच्या, उत्तर परत माळेत बदलायचं, चिन्ह आणि घातांक वेगळे सांभाळायचे, आणि शेवटी ठरलेल्या अचूकतेत बसतं का ते तपासायचं. एका गुणाकारामागे पायथॉनची कितीतरी फंक्शनं धावतात. सी रूपात हेच अंक ३२-बिट मशिनवर नऊ-नऊच्या आणि ६४-बिट मशिनवर एकोणीस-एकोणीसच्या गटांनी थेट यंत्राच्या शब्दांत भरलेले असतात, आणि पायथॉनच्या दुभाष्याला (इंटरप्रिटरला) मध्ये बोलावंच लागत नाही.

सी रूप आलं म्हणून पायथॉनचं रूप काढून टाकलेलं नाही, ते मुद्दाम ठेवलं आहे. २०११ साली ब्रेट कॅनन यांनी लिहिलेल्या पेप ३९९ या नियमावलीने ते ठरवून दिलं : स्टँडर्ड लायब्ररीत सी मधलं वेगवान मोड्यूल घ्यायचं तर त्याच्या जोडीला शुद्ध पायथॉनमधलं रूपही असलं पाहिजे, आणि दोघांनी एकाच चाचण्या पास केल्या पाहिजेत. बाहेरची एखादी सी लायब्ररी गुंडाळणाऱ्या मोड्यूलला, एसक्यूलाइटच्या धर्तीवर, सूट मिळू शकते. कारण असं की पायथॉन म्हणजे फक्त सी मध्ये लिहिलेला नेहमीचा दुभाष्या नव्हे. पायपाय, जायथॉन, आयर्नपायथॉन हेही पायथॉनच आहेत, आणि त्यांना सी ची मोड्यूलं सहजी चालत नाहीत. ‘डेटटाइम’ची गोष्ट तर उलट्या क्रमाने घडली : ते २००३ पासून सी मध्येच होतं, पायथॉनमधलं जुळं २०११ च्या ३.२ आवृत्तीत मागाहून आलं.

जोडीतलं कोणतं रूप वापरायचं हे प्रोग्रॅम चालू होताना ठरतं. आम्ही वापरतो त्या ३.८ आवृत्तीतली ‘डेसिमल’ फाइल काही ओळींचीच आहे. ती आधी ‘_डेसिमल’ आयात करून बघते, म्हणजे सी चं रूप. ‘इम्पोर्टएरर’, म्हणजे आयात फसल्याची चूक, आला तर तो गिळून टाकते आणि ‘_पायडेसिमल’ आयात करते. इशारा नाही, नोंद नाही, काही नाही. मापाडी आला नाही म्हणून मुनीमजींनीच काटा धरावा, वजन अचूक लागावं आणि गाड्यांची रांग मात्र फाट्यापर्यंत जावी, तसा प्रकार. उत्तरं पैशापैशाने बरोबर येत होती, म्हणूनच कोणाला काही बिघडलंय असं वाटलं नाही. चाचण्या उत्तर तपासतात, घड्याळ बघत नाहीत.

संशय पक्का करायला फार काही लागलं नाही. त्या मशिनवर पायथॉन उघडून ‘_डेसिमल’ थेट आयात केलं, तर असं मोड्यूल नाही म्हणून उत्तर आलं. दुसरी खूण : ‘डेसिमल’ प्रकाराची बेरजेची पद्धत नुसती छापून बघायची. सी रूप असेल तर ‘स्लॉट रॅपर’ असं दिसतं, पायथॉन रूप असेल तर ‘फंक्शन’. तिथे ‘फंक्शन’ दिसलं. मग पायथॉनच्या फोल्डरमधलं ‘डीएलएलएस’ उघडलं. बाकीच्या पीवायडी फाइली (पायथॉनची कंपाइल केलेली मोड्यूलं) जागेवर, ‘_डेसिमल’ची गायब. अँटिव्हायरसच्या विलगीकरणाच्या यादीत ती सापडली, आणि तिच्यापुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीतली होती. त्याच सुट्टीत कोणीतरी मशिन ‘साफ’ करून दिलं होतं. नवा अँटिव्हायरस, पूर्ण स्कॅन, आणि जे ओळखीचं नाही ते बाजूला.

हीच फाइल का, हा प्रश्न शेठनीसुद्धा विचारला. विंडोजवरच्या पायथॉनमध्ये बहुतेक वेगवान जुळी मुख्य डीएलएलच्याच पोटात असतात : जेसन, डेटटाइम, पिकल, हीपक्यू यांची सी रूपं तिथेच आहेत, ती एकेकटी उचलताच येत नाहीत. डेसिमल आणि एक्सएमएलवाल्या ‘एलिमेंटट्री’ची रूपं मात्र स्वतंत्र फाइली म्हणून शेजारी पडलेली असतात. अँटिव्हायरसने मुख्य डीएलएल उचलली असती तर प्रोग्रॅम सुरूच झाला नसता आणि त्याच रात्री फोन आला असता. सुटी फाइल उचलली, म्हणून बोभाटा न होता नुसता वेळ वाढत गेला.

फाइल परत जागेवर ठेवली, फोल्डरला अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळलं, आणि ताळा त्याच रात्री जेवणाच्या वेळेत आला. काम इथे संपलं असं म्हणता आलं असतं. पण प्रोफाइल काढलंच आहे तर पुढेही बघू, असं ठरलं.

डेसिमल वरून हटल्यावर यादीत पहिली आली ती तारीख. काट्याचा इंडिकेटर तारीख दिवस, महिना, वर्ष अशी तिरप्या रेघांनी देतो, आणि आमचा प्रोग्रॅम प्रत्येक पट्टीला ‘स्ट्रपटाइम’ बोलावून ती वाचतो. डेटटाइम सी मध्ये असलं तरी स्ट्रपटाइम नाही. ते ‘_स्ट्रपटाइम’ या पायथॉन फाइलीत आहे, त्याला सी चं जुळंच नाही. पायथॉन २.३ मध्ये ते असं लिहिलं गेलं तेही याच ब्रेट कॅनन यांच्या हातून, कारण त्याआधी ते ज्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीवर अवलंबून होतं आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं वागायचं. म्हणजे इथे वेग सोडून सारखेपणा घेतला आहे, आणि तो निर्णय मला तरी योग्य वाटतो. आत काय होतं? दिलेल्या नमुन्यावरून एक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातून तुकडे ओळखणारं सूत्र, तयार होतं, ते साठवून ठेवलं जातं, आणि प्रत्येक वेळी कुलूप लावून, भाषेची मांडणी बदलली नाही ना हे पाहून ते वापरलं जातं. साठाही छोटा आहे; कोडमध्ये मर्यादा ५ लिहिली आहे, आणि ती ओलांडली की सगळा साठा एकदम रिकामा होतो. वेगवेगळ्या काट्यांवरून वेगवेगळ्या नमुन्यांच्या तारखा एकत्र करणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवलेलं बरं. आमच्याकडे नमुना एकच, त्यामुळे तो त्रास नव्हता.

३.७ पासून ‘फ्रॉमआयएसओफॉरमॅट’ आहे, ते सी मध्ये आहे आणि चांगलं वेगवान आहे. पण ते वर्ष-महिना-दिवस अशी मांडणी मागतं, आणि ३.८ मध्ये तर स्वतः पायथॉनने छापलेल्या रूपापलीकडे फारसं काही स्वीकारत नाही, मोकळेपणा ३.११ मध्ये आला. आम्हाला ३.११ वर जाता येत नाही, कारण विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८ च आहे. तुकडे कापून मांडणी बदलता आली असती. त्यापेक्षा सोपी वाट सापडली : पट्ट्या हजारोंनी असल्या तरी हंगामातले दिवस मोजकेच असतात. एकच तारीख पुन्हा पुन्हा वाचायची गरजच काय? तारीख वाचणाऱ्या फंक्शनवर ‘एलआरयू_कॅश’ लावला. आधी काढलेली उत्तरं साठवून ठेवणारा हा सजावटकार (डेकोरेटर) ३.५ पासून स्वतः सी मध्ये आहे. एक ओळ वाढली आणि स्ट्रपटाइम यादीत शोधावं लागेल इतकं खाली गेलं.

तिसरी गोष्ट बॅकअपची. ताळा झाल्यावर सगळी खाती जेसन फाइलीत, म्हणजे साध्या मजकुराच्या ठरावीक मांडणीत, उतरतात. इथे जुळं जागेवर होतं, तरी पायथॉनचंच रूप चालत होतं, आणि ते आमच्याच लिहिण्याच्या पद्धतीमुळे. ३.८ मध्ये जेसनचं ‘डंप’, म्हणजे थेट फाइलीत लिहिणारं, तुकड्या-तुकड्याने लिहितं आणि त्या वाटेवर सी चं एन्कोडर येतच नाही. ‘डंप्स’, म्हणजे आधी पूर्ण मजकूर बनवणारं, सी चं रूप वापरतं. पण ‘इंडेंट’, म्हणजे ओळी आत सरकवून मांडण्याचा पर्याय, दिला नसेल तरच. फाइल वाचायला देखणी दिसावी म्हणून इंडेंट दिला की परत पायथॉन. बॅकअप कोणी डोळ्यांनी वाचत नाही, म्हणून इंडेंट काढला आणि डंप्सचा मजकूर एकदम फाइलीत लिहिला. याची किंमत एवढीच की सगळा मजकूर क्षणभर रॅममध्ये मावला पाहिजे. आमच्या आकाराला तो मावतो. ज्याचा मावत नाही त्याने डंपच ठेवावं.

यानंतर आमच्या एका सहकाऱ्याने हट्ट धरला की व्याजाचं मोड्यूलही आपण कंपाइल करून टाकू. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. ‘मायपायसी’ हा कंपायलर प्रकारांच्या खुणा लावलेला पायथॉन कोड सी मध्ये उतरवतो. त्याचे कर्ते म्हणतात की अशा कोडला बरेचदा दीडपट ते पाचपट वेग मिळतो, आणि ‘मायपाय’ हा तपासनीस स्वतः त्यात कंपाइल करून सुमारे चौपट वेगवान झाला. अशाच कामाचं सायथॉनही आहे. आम्ही नाही म्हटलं, आणि कारणं दोन होती. पहिलं, आमच्या व्याजाच्या फेऱ्यात (लूपमध्ये) जो वेळ जातो तो डेसिमलच्या बेरीज-गुणाकारात, आणि ते आधीच कंपाइल झालेलं आहे. बाहेरचा फेरा सी मध्ये नेला तरी आतला खर्च तोच. मायपायसीचा फायदा दिसतो तो साधे पूर्णांक, याद्या, वर्गांच्या पद्धती यांचा मारा असलेल्या कोडमध्ये. दुसरं कारण जिनिंगवरचं. कंपाइल केलेली पीवायडी फाइल पायथॉनच्या ठरावीक आवृत्तीशी आणि ३२ किंवा ६४ बिटशी बांधलेली असते. आमच्या गिऱ्हाइकांकडे दोन्ही मशिनं आहेत. म्हणजे दोन बांधण्या, प्रत्येक सुधारणेला दोनदा तपासणी, आणि अँटिव्हायरसला ओळखीच्या नसलेल्या आणखी सुट्या फाइली. पायथॉनसोबत येणारी फाइल जिथे उचलली जाते, तिथे जळगावातल्या चार माणसांनी बनवलेली फाइल किती दिवस टिकेल? उद्या प्रतवारीचं किंवा काट्याच्या कच्च्या संकेतांचं काम आलं तर मात्र मी हा निर्णय फिरवीन. पण तेव्हाही पायथॉनचं रूप शेजारी ठेवूनच, पेप ३९९ सांगतो तसं.

वाद रंगला तो सुरुवातीच्या तपासणीवर. प्रोग्रॅम उघडताच ‘_डेसिमल’ थेट आयात करून बघायचं, हे सगळ्यांना मान्य होतं. ते नसेल तर काय करायचं? एक मत असं की प्रोग्रॅम थांबवायचा, म्हणजे फोन येतोच. मुनीमजींना विचारलं तर ते म्हणाले, “हंगामात रात्री अकराला मशिन बंद पडलं तर मी शेतकऱ्याला काय सांगू? संथ चाललं तर चालू द्या.” त्यांचंच धरलं. आता खिडकीच्या वरच्या पट्टीवर लाल अक्षरांत येतं : वेगवान गणित बंद आहे, जळगावला कळवा. काम चालू राहतं.

लाल पट्टी देण्याआधी दोन्ही रूपांची उत्तरं खरंच एक येतात का, हे आमच्या माहितीवर पडताळून घेतलं. नियमावलीने ग्वाही दिली आहे, पण मुनीमजींपुढे नियमावली चालत नाही. सोय पायथॉनच्या चाचण्यांतलीच वापरली : मोड्यूलांच्या नोंदवहीत ‘_डेसिमल’च्या जागी आधीच ‘नन’ लिहून ठेवलं की आयात फसते आणि पायथॉनचं जुळं पुढे येतं. एकाच हंगामाची सगळी खाती एकदा सी वर, एकदा पायथॉनवर चालवली आणि दोन्ही खातेउतारे एकमेकांवर ताडले. एका पैशाचाही फरक निघाला नाही. सी वरचा ताळा आमच्यासमोर झाला. पायथॉनवरचा रात्रभर लावून घरी गेलो.

लाल पट्टी एकदा शहाद्याला दिसली. तिथल्या मुनीमजींनी ती फोनवर अक्षरशः वाचून दाखवली, आणि विलगीकरणातून फाइल सोडवायला चहा निवण्याएवढाही वेळ लागला नाही. ३.८ आवृत्तीला मिळणाऱ्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबल्या आहेत, त्यामुळे पुढच्या हंगामाआधी विंडोज ७ ची मशिनं बदलायची बोलणी सुरू आहेत. शेठ म्हणतात, सरकीचा भाव बघून ठरवू.